बखरीत नसलेला वैद्य

इतिहासात कोणाची नोंद होते, हा प्रश्न साहित्याच्या वर्गात आपण बखरी आणि पोवाडे शिकवताना हटकून विचारतो. प्रस्तुत लेखात आम्ही तो एका निराळ्याच, कित्येकांस क्षुल्लक वाटेल अशा दफ्तरापुढे ठेवीत आहोत: संगणकावरील सांघिक नेमबाजीच्या खेळांचे गुणफलक. या खेळांत गोळी झाडण्यापेक्षा सहकाऱ्यांस बरे करीत फिरणारे एक पात्र असते. आमच्यापैकी काहींनी ते वर्षानुवर्षे खेळले आहे. तेव्हा आमच्याकडून संपूर्ण तटस्थतेची अपेक्षा वाचकांनी न धरलेली बरी.

१९९६ साली रॉबिन वॉकर, जॉन कुक आणि इयन कॉघली या ऑस्ट्रेलियन तरुणांनी ‘क्वेक’ या खेळावर बेतून ‘टीम फोर्ट्रेस’ रचला. त्यात मेडिक होता, पण वैद्यकी हे त्याचे खरे बळ ठरले नाही. १९९९च्या ‘टीम फोर्ट्रेस क्लासिक’मध्ये चुरशीच्या सामन्यांत मेडिक निवडला जाई तो त्याच्या वेगासाठी आणि कन्कशन ग्रेनेडसाठी. ग्रेनेडच्या धक्क्यावर स्वार होऊन झेप घ्यायची, शत्रूच्या तळातला झेंडा उचलायचा आणि पळत सुटायचे! म्हणजे हा वैद्य तेव्हा सगळ्यांच्या पुढे होता. मेडिकने मागेच राहायचे, हा आज स्वयंसिद्ध वाटणारा नियम मुळात तसा नाही. त्याला जन्मतारीख आहे.

ती १० ऑक्टोबर २००७. त्या दिवशी वॉल्व्ह कंपनीचा ‘टीम फोर्ट्रेस २’ आला. ग्रेनेड गेले आणि मेडिकच्या हाती एक बंदूक आली, जिच्यातून निघणारा झोत सहकाऱ्याला जोडला की तो बरा होत जातो. उपचार चालू असता एक भार साठत राहतो. तो पूर्ण भरण्यास कमीत कमी ४० सेकंद लागतात, आणि भरल्यावर मेडिक व त्याचा रुग्ण असे दोघेही ८ सेकंद अभेद्य होतात. यालाच उबरचार्ज म्हणतात. मेडिक मेला की साठलेले सारे शून्य.

या एका तरतुदीने सामन्याचे व्याकरण बदलले. स्पर्धांत रूढ झालेल्या सहा जणांच्या संघात दोन स्काउट, दोन सोल्जर, एक डेमोमन आणि एकच मेडिक असतो. दोन्ही बाजू प्रतिपक्षाच्या भाराचा अंदाज बांधीत थबकून राहतात. आपला भार आधी भरला तर चढाई, त्यांचा भरला तर माघार. एखादा सोल्जर रॉकेटच्या धक्क्याने उडून थेट शत्रूच्या मेडिकवर कोसळतो, स्वतः मरतो, पण मेडिकला घेऊन मरतो. हा सौदा फायद्याचाच मानला जातो. आपल्याकडे मैफिलीत ‘साथ’ हा शब्द आहे, तो इथे आम्हांला ‘सपोर्ट’पेक्षा नेमका वाटतो. सपोर्ट म्हणजे टेकू. साथीत ऐकणे असते, आणि मुख्य गायक केव्हा समेवर येणार याचे भान असते.

आता गुणफलक पाहावा. एका शत्रूस मारल्याचा एक गुण. ६०० हेल्थ भरून काढल्याचाही एकच. सोल्जरची पूर्ण हेल्थ २००; म्हणजे तीन सोल्जर मरणाच्या दारातून ओढून आणले की एका हत्येची बरोबरी होते. हे प्रमाण कोणी दुष्टाव्याने ठरवले, असे आमचे म्हणणे नाही. एप्रिल २००८मध्ये वॉल्व्हने पात्रांना नवी शस्त्रे देण्यास आरंभ केला तो मेडिकपासूनच. अडचण मापाची आहे. मारला गेलेला मोजता येतो. न मेलेला मोजायचा कसा?

पुढे खेळाडूंनीच चालवलेल्या लॉग्ज डॉट टीएफ या संकेतस्थळावर सामन्यांची तपशीलवार टाचणे राहू लागली. तेथे मेडिकसाठी स्वतंत्र रकाने आहेत, याचा आम्हांला प्रथम आनंद झाला. मग ते नीट वाचले. उपचार आणि उबर किती, हे आहेच. पण पूर्ण भार घेऊन किती वेळा मेला, भार भरत आला असताना किती वेळा मेला, मिळालेली आघाडी किती वेळा घालवली, हेही तेथे बारकाईने नोंदलेले. इतक्या आस्थेने दुसऱ्या कोणाच्या चुका लिहिलेल्या आमच्या पाहण्यात नाहीत.

‘ओव्हरवॉच’ची कथा याहून बोलकी आहे. तिच्या व्यावसायिक लीगच्या २०१८च्या पहिल्या हंगामात सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान न्यूयॉर्क एक्सेल्सियर संघाच्या बांग सोंग-ह्योन ऊर्फ जेजोनाक याला मिळाला. तो झेन्याटा हे उपचारक पात्र खेळे. साथीदाराचा असा गौरव झाला खरा. मात्र जेजोनाकची ख्याती झाली ती त्या उपचारकाच्या हातून पडणाऱ्या बळींमुळे. त्याच्या कौशल्यात उणे काढण्याचा आमचा हेतू नाही. पण ज्याने कोणालाही न मारता सामना राखला, त्याच्यापर्यंत तो हार पोचला असता का, याविषयी आम्ही साशंक आहोत.

सर्व्हरवर मुद्रित झालेले सामने आजही पाहता येतात. त्यांत प्रत्येक गोळी आहे, प्रत्येक पाऊल आहे. सहसा नसतो तो संघाचा आपसातला आवाज, कारण खेळाडू मम्बलसारख्या वेगळ्या साधनावरून बोलत. सत्तर, पंच्याऐंशी, तयार, असे आकडे सांगत राहणारा मेडिक त्या चित्रफितींत मुका आहे. तो दिसतो तेव्हा सोल्जरच्या पाठीशी असतो आणि दर काही क्षणांनी, स्पाय तर आला नाही ना म्हणून, गर्रकन मागे वळून पाहतो. बहुतेक वेळा मागे कोणी नसते.