न वाढणारा चिंटू

पुण्याच्या 'सकाळ' दैनिकात २१ नोव्हेंबर १९९१ रोजी चिंटू नावाच्या एका शाळकरी मुलाची चित्रमालिका सुरू झाली. तिचे जनक दोघे, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर; पैकी रेखाटन पंडितांचे. त्या दिवशी जन्मलेले मूल आज तिशी ओलांडून संसाराला लागले असेल. चिंटूचे दप्तर मात्र कधी सुटले नाही. अनेक वर्षे रोज दिसणारे पात्र वाढत नाही, ही त्याची उणीव समजावी की खुबी, हा प्रश्न आम्हांस दीर्घकाळ पडत आला आहे.

पात्रांना दिनदर्शिकेप्रमाणे वाढवण्याचा प्रयोग अमेरिकेत फार पूर्वी झाला. १९१८ साली फ्रँक किंग यांनी सुरू केलेल्या 'गॅसोलीन ॲली' या मालिकेत वॉल्ट नावाच्या ब्रह्मचाऱ्याच्या दारात १४ फेब्रुवारी १९२१ रोजी एक तान्हे मूल सापडते. ते मूल, स्कीझिक्स, वाचकांबरोबर मोठे झाले, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेले आणि १९४४ साली बोहल्यावरही चढले. दुसरा मार्ग आमच्या पिढीच्या ओळखीचा आहे. 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून मराठीत आलेला वेताळ मूळ १९३६ सालचा. तो स्वतः म्हातारा होत नाही, पण पितापुत्र परंपरेतला एकविसावा असल्याने त्याच्या पाठीशी चार शतकांचे वय आपोआप उभे राहते. डायनाशी त्याचा विवाह व्हायला १९७७ साल उजाडावे लागले. इतका काळ थांबलेली वाग्दत्त वधू पुराणांतही विरळाच!

या दोहोंहून वेगळी आणि आमच्या मते अधिक मनोज्ञ वाट चार्ल्स शुल्झ यांच्या 'पीनट्स'ची आहे. २ ऑक्टोबर १९५० ते १३ फेब्रुवारी २००० या काळात सतरा हजारांहून अधिक दिवस ही मालिका एकट्या शुल्झनी काढली, आणि शेवटची रविवारची चित्रपट्टी छापली जाण्याच्या आदल्या रात्री ते निवर्तले. मालिकेतला स्नूपी हा कुत्रा आरंभी चार पायांवर चालणारा साधा कुत्रा होता. पुढे त्याच्या मनातले विचार फुग्यात उमटू लागले. १९५० चे दशक सरता सरता तो दोन पायांवर उभा राहिला आणि मग घराच्या छपरावर बसून स्वतःला लढाऊ वैमानिक समजू लागला. लायनस तर १९५२ साली बोलताही न येणारे अर्भक म्हणून आला; वाढत वाढत चार्ली ब्राऊनच्या बरोबरीला पोहोचला, त्याला उपदेश करू लागला आणि तिथेच थांबला. म्हणजे वाढ झाली, पण वयाच्या हिशेबाने नव्हे, मालिकेच्या गरजेने. याउलट पहिल्या दिवशीच हजर असलेली शर्मी आणि पॅटी ही पात्रे हळूहळू मागे पडली. त्यांच्यात भांडणाला जागा नव्हती, एवढाच काय तो त्यांचा अपराध.

चिंटूकडे याच दृष्टीने पाहावे. एकट्या मुलाच्या जिवावर रोज हसू निर्माण करणे कठीण. सभोवती माणसे हवीत आणि प्रत्येकासमोर त्याचे रूप निराळे हवे. पप्पूपाशी तो जिवलग मित्र असतो, राजूपुढे कुरघोडीला सज्ज, मिनीशी वाद घालताना हट्टी. सोनू त्याच्याहून लहान असल्यामुळे त्याच्यासमोर चिंटूला मोठेपण मिरवता येते. बगळ्या, नेहा, सतीशदादा, जोशीकाकू, आजी-आजोबा अशी वसाहत भोवती वसली, की नायकाचे वय न वाढताही त्याचा स्वभाव दाट होत जातो. २०१२ आणि २०१३ साली श्रीरंग गोडबोले यांनी चिंटूवर दोन चित्रपट काढले, तेव्हा हा फरक डोळ्यांसमोर आला. पडद्यावरचा मुलगा वर्षभरात वाढणारच. शाईतल्या मुलावर ती सक्ती नाही.

ही चर्चा आम्ही पुण्यात नव्हे, बसवकल्याण तालुक्यातल्या राजेश्वर गावी बसून करीत आहोत, हे सांगणे भाग आहे. १९५६ साली भाषावार प्रांतरचनेत बीदर आजच्या कर्नाटकात आले. आमची नोकरी कन्नडमध्ये झाली, मुलाची शाळाही कन्नडच. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरून येणाऱ्या बसने मराठी वर्तमानपत्र यायचे तेव्हा दुपार कलंडलेली असे. अग्रलेख आमचा, चिंटू मुलाचा. देवनागरी अक्षरे त्याने हिंदीच्या तासाला गिरवली होती, शब्द घरात कानांवर पडत होते. या दोहोंची गाठ त्या तीनचार चौकटींत पडली. पुस्तक समोर ठेवले की तो पळे. फुग्यातली दोन वाक्ये मात्र त्याने कधी टाळली नाहीत.

तक्रारही नोंदवावी. चिंटू पप्पांना 'पप्पा' म्हणतो. आमच्या घरात वडिलांना 'अण्णा' म्हणत, आणि बोलण्यात उर्दू-कानडीची सरमिसळ असे. त्या वसाहतीत आमच्याकडचा, 'नक्को' म्हणणारा एखादा पोरगा राहायला आला असता, तर आमच्या मुलाला आपली बोली छापण्याजोगी वाटली असती. मराठी चित्रमालिकेचा परीघ शहराच्या वेशीपाशी थांबला, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुलाने कात्रणे चिकटवलेली वही अजून कपाटात आहे. मुखपृष्ठावर त्याचे नाव कन्नडमध्ये, आत चिंटू. नात बंगळुरूला शिकते. तिला कन्नड व इंग्रजी वाचता येते, देवनागरी अद्याप येत नाही. या उन्हाळ्यात तिने वही शोधून काढली, चित्रे पाहिली आणि हा मुलगा बाबांच्या वर्गात होता का, असे विचारले. आम्ही तिला पंधरा-वीस कात्रणे वाचून दाखवली. जोशीकाकूंचा आवाज आमच्या घरातून काढण्यात आला, तो ऐकून तिने ते पान पुन्हा वाचायला लावले. मग फुग्यातल्या एका अक्षरावर बोट ठेवून 'हे काय?' असे विचारले. ते 'च' होते.