जपानी मेपल आणि कलमांची परंपरा

शरदाची थंडी पडूं लागली, कीं जपानांतील लोक घरें सोडून डोंगरांकडे निघतात. या प्रथेस ते ‘मोमिजी-गारी’, म्हणजे मेपलची शिकार, असें म्हणतात. ही शिकार अर्थातच डोळ्यांनीं करावयाची. लाल-नारिंगी पानांनीं पेटलेल्या दऱ्या पाहावयाच्या आणि परतावयाचें. मेपलचें दुसरें जपानी नांव ‘काएदे’. पान बेडकाच्या पंजासारखें दिसतें, त्यावरून तें पडलें.

रानांतील हा वृक्ष बागेंत आणणें सोपें होतें. त्याची एखादी देखणी जात टिकविणें मात्र कठीण. बीं पेरलें तर रोप उगवतें, पण तें मूळ झाडासारखें निघेलच असें नाहीं. तांबड्या, बारीक चिरलेल्या पानांच्या झाडाच्या बियांतून साधीं हिरवीं झाडेंहि वर येतात. हापूसची कोय पेरून हापूस मिळण्याची खात्री नसते, हें कोंकणांत कोणासहि सांगावयास नको. तोच प्रकार येथें. म्हणून अशी जात म्हणजे वस्तुतः एकच झाड होय. त्याच्या फांद्या तेवढ्या निरनिराळ्या बागांत वाढत असतात.

सर्वांत साधा मार्ग छाट कलमाचा. जूनच्या सुमारास किंचित् निबर झालेली कोंवळी डहाळी कापून ओल्या वाळूंत लावावी व भोंवतालची हवा दमट ठेवावी. मुळें पुष्कळदां फुटतात. परंतु पहिला हिवाळा ओलांडून वसंतांत पालवी येईल, याचा भरंवसा नसतो. जोमदार जाती तरून जातात, नाजूक जाती दगावतात. म्हणून माळ्यांनीं हिरव्या मेपलच्या रोपाचा खुंट घेऊन त्यावर कलम बांधण्याची रीत अधिक पत्करली. भेट कलमांत तर सांधा जुळेपर्यंत फांदी आईपासून तोडीतच नाहींत.

या कलेचें मोठें केंद्र म्हणजे इदो नगरीजवळचें, आज टोकिओंत सामावलेलें, सोमेइ गांव. तेथें इतो इहेइ हें नांव पिढ्यान्‌पिढ्या चालविणाऱ्या माळ्यांच्या घराण्यानें १६९५ मध्यें उद्यानविद्येवर ग्रंथ प्रसिद्ध केला. १७१० च्या पुरवणींत मेपलच्या ३६ जाती नोंदल्या. १८८२ च्या एका यादींत हा आंकडा २०२ वर गेला.

बाहेरच्या जगास या वृक्षाची ओळख उशिरां झाली. डच कंपनीचा स्वीडिश वैद्य कार्ल पेटर थुनबेर्ग १७७५ मध्यें देजिमा बेटावर उतरला व १७८४ च्या आपल्या ग्रंथांत त्यानें जपानी वनस्पतींचें वर्णन केलें. प्रत्यक्ष झाड इंग्लंडांत पोंचावयास १८२० च्या सुमाराची वाट पाहावी लागली.

पुढें दुसरें महायुद्ध आलें. जपानांत अन्न व सरपण दोन्हीं दुर्मिळ झालीं. रोपवाटिकांच्या जागीं भाजीपाला पिकूं लागला, जुने मेपल चुलींत गेले. त्यांत कित्येक जाती कायमच्या नाहींशा झाल्या. उरलेल्या जाती धुंडाळून, त्यांचीं कलमें जमवून, ओरेगॉनच्या जे. डी. व्हर्ट्रीज यांनीं १९७८ मध्यें त्यांवर ग्रंथ लिहिला, तेव्हां कांहीं नांवांपुढें झाडच उरलें नव्हतें.

१७१० च्या यादींतील नांव आजहि वाचतां येतें. पण त्या नांवाचें झाड पाहावयाचें, तर मधल्या तीनशें वर्षांत प्रत्येक जुनें झाड मरण्यापूर्वीं कोणी तरी त्याची डहाळी कापून नव्या खुंटावर बांधलेली असली पाहिजे.