संकेतस्थळे न उघडणे (घरगुती इंटरनेट)

घरची इंटरनेट जोडणी चालू असताना व बहुतेक संकेतस्थळे नीट दिसत असताना काही ठरावीक संकेतस्थळेच न उघडण्याचा दोष. बल्लारपूर, राजुरा, चंद्रपूर भागात त्याची तक्रार साधारण एका वाक्यात होते : "नेट तं चालू आहे, पण साईट खुलत नाही." निम्मे निदान या वाक्यातच आहे. पावसाळी वादळात खांबावरची फायबर तुटली तर सगळेच बंद पडते आणि भिंतीवरच्या डब्यावर 'लॉस'चा लाल दिवा लागतो. घरापर्यंतची तार तुटून निवडक संकेतस्थळे बंद पडत नाहीत. म्हणून काय बंद आहे यापेक्षा काय चालू आहे, याची चौकशी आधी करावी.

यूट्यूब चालते म्हणजे नेट ठीक आहे, हा समज मात्र फसवा. यूट्यूबसारख्या मोठ्या सेवा लोकप्रिय चित्रफितींच्या प्रती इंटरनेट सेवादात्यांच्या जाळ्यातच साठवून ठेवतात. चित्रफीत जवळच्या साठ्यातून येते; एखाद्या लहान परदेशी संकेतस्थळाला समुद्राखालच्या केबलमधून यावे लागते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ अशा केबली तुटल्या, तेव्हा भारतातील इंटरनेट अनेक दिवस रखडत होते. त्या वेळी घरचा राउटर बदलून काही उपयोग नव्हता.

पहिली चाचणी फुकटची आहे. न उघडणारे संकेतस्थळ त्याच मोबाईलवर वायफाय बंद करून, सिमच्या डेटावर उघडून पाहावे. सिम दुसऱ्या कंपनीचे असेल तर उत्तम. तिथेही उघडले नाही तर दोष बहुधा त्या संकेतस्थळाकडेच असतो. दहावी-बारावीच्या निकालाच्या दुपारी हा अनुभव महाराष्ट्रभर येतो. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद होते. त्या रात्री कित्येकांनी राउटर उगाच बंद-चालू केले. सिमवर उघडले आणि वायफायवर नाही, तर दोष घरात किंवा सेवादात्याकडे. मग घरातल्या दुसऱ्या उपकरणावर पाहावे : एकाच संगणकावर अडत असेल तर राउटरला हात लावू नये.

पत्त्याचा दोष : सर्वांत जास्त आढळणारे कारण. माणसाला नाव लक्षात राहते, यंत्राला आकडी पत्ता लागतो. नावावरून पत्ता शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. तिची रचना पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. बल्लारपूरकराला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. गाव बल्लारपूर, स्थानकाचे नाव बल्हारशाह, आणि रेल्वेच्या आरक्षण यंत्रातली खूण 'बीपीक्यू'. ही सांगड ज्याला ठाऊक नाही त्याला बल्लारपूर नावाचे स्थानकच सापडत नाही. गाड्या मात्र येत-जात असतात. सेवादात्याचा डीएनएस कच्चा असला, किंवा संकेतस्थळाने पत्ता बदलल्यावरही जुनाच पत्ता धरून बसला, की नेमके असेच होते. नेहमीच्या संकेतस्थळांचे पत्ते आधीच साठवलेले असतात, म्हणून ती उघडतात, बाकीची अडतात. पडद्यावरच्या इंग्रजी संदेशात 'डीएनएस' ही अक्षरे दिसली तर संशय पक्का समजावा.

उपाय सोपा आहे. राउटरमध्ये किंवा संगणकात डीएनएसच्या रकान्यात गूगलचा ८.८.८.८ (२००९ पासून) किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ (२०१८ पासून) पत्ता भरावा. आकडे अर्थात इंग्रजी. अँड्रॉइड ९ पासून मोबाईलमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' अशी सोय आहे. जाहिराती अडवण्यासाठी तिथे कधीतरी एखाद्या डीएनएस सेवेचे नाव भरून विसरून गेलेली माणसे पुष्कळ; त्यांनी आधी तेच काढावे. राउटरच्या डीएनएसच्या रकान्यात आपण किंवा तंत्रज्ञाने न भरलेला अनोळखी पत्ता दिसला, तर ते घुसखोरीचे लक्षण असू शकते. 'डीएनएस चेंजर' या घातक आज्ञावलीने लाखो संगणकांचे पत्ते असेच वळवले होते. बाधित संगणकांसाठी अमेरिकेत चालवलेले पर्यायी डीएनएस ९ जुलै २०१२ रोजी बंद झाले, तेव्हा उरलेल्या संगणकांना नावावरून पत्ते मिळेनासे झाले. अनोळखी पत्ता आढळल्यास तो काढून राउटरचा मूळ पासवर्डही बदलावा. 'ॲडमिन' हा पासवर्ड नव्हे.

पाकिटाच्या आकाराचा दोष : कमी आढळतो, पण आढळला की भल्याभल्यांना चकवतो. लक्षण असे : संकेतस्थळाशी संपर्क होतो, वरच्या टॅबमध्ये चक्र फिरत राहते, पान काही येत नाही. गप्पांचे संदेश जातात, छायाचित्र चढवताना अडते. माहिती पाकिटांतून जाते व नेहमीचे पाकीट जास्तीत जास्त १५०० बाइटांचे असते. फायबरच्या ज्या जोडणीला वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड भरावा लागतो, तिथे बहुधा पीपीपीओई ही पद्धत असते. ती ८ बाइट स्वतःसाठी घेते आणि उरतात १४९२. बांबूने भरलेला ट्रक ठेंगण्या पुलाखाली यावा तसा हा प्रकार आहे : दुचाकी, रिक्षा निघून जातात, ट्रक अडतो. पुलाशी कुणी उभा असेल तर तो ट्रकवाल्याला माल कमी करून यायला सांगतो. इंटरनेटवर असा निरोप द्यायची सोय आहे, पण सुरक्षेच्या नावाखाली काही ठिकाणी हे निरोपच अडवले जातात. मग मोठी पाकिटे न बोलता नाहीशी होतात. राउटरमधील 'एमटीयू'चा, म्हणजे पाकिटाच्या कमाल आकाराचा, आकडा १४९२ करावा, तरीही अडले तर थोडा थोडा उतरवत न्यावा. विंडोजमध्ये पाकिटाचे तुकडे न करण्याची सूचना देऊन पिंग, म्हणजे चाचणीचे पाकीट, पाठवता येते. १४६४ बाइटांचे पिंग गेले तर १४९२ योग्य, कारण शीर्षकाचे २८ बाइट वेगळे धरावे लागतात.

घड्याळ : जुन्या संगणकातील नाण्याएवढी बॅटरी संपली की वीज गेल्यावर तारीख काही वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते. चुकीच्या तारखेला ते अवैध ठरते आणि बँकेची पाने उघडत नाहीत. बॅटरी किरकोळ किमतीत मिळते. फार जुन्या मोबाईलचे दुखणे उलटे : तारीख बरोबर, पण त्यात साठवलेले मूळ प्रमाणपत्र कालबाह्य. ३० सप्टेंबर २०२१ रोजी असे एक मूळ प्रमाणपत्र संपल्यावर जगभर जुनी उपकरणे अडली.

बंदी : सर्व काही ठीक असूनही संकेतस्थळ अडवलेले असू शकते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली केंद्र सरकार तसा आदेश देऊ शकते. डिसेंबर २०१४ मध्ये गिटहब, व्हिमिओ यांसह ३२ पत्ते अडवण्याचा आदेश निघाला होता. व्हीएलसी प्लेअरचे अधिकृत संकेतस्थळ २०२२ मध्ये कित्येक महिने भारतात अनेकांना उघडत नव्हते. ते नोव्हेंबरात पुन्हा उघडले. बंदीची अंमलबजावणी प्रत्येक सेवादाता आपापल्या परीने करतो, म्हणून तेच पान शेजारच्या घरी दिसू शकते. याच्या उलट, अनेक शासकीय संकेतस्थळे परदेशातून येणाऱ्या विनंत्या नाकारतात. परदेशी सर्व्हरमार्फत जाणारा व्हीपीएन चालू राहिला तर बल्लारपुरात बसलेला माणूसही त्यांना परदेशी वाटतो.

सामायिक पत्ता : आकडी पत्ते अपुरे पडल्याने सेवादाते अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देतात. त्यांतल्या एकाने उपद्व्याप केला की त्या पत्त्यावरचे सगळेच संशयित ठरतात व 'आपण यंत्रमानव नाही' हे सिद्ध करण्याच्या फेऱ्या सुरू होतात. यावर ग्राहकाच्या हाती फारसे काही नाही.

राउटर बंद-चालू करण्याने पुष्कळदा काम भागते, कारण साठलेले जुने पत्ते जातात व जोडणी नव्याने होते. पण कारणाचा मागही त्याबरोबर पुसला जातो आणि दोष चार दिवसांनी परत येतो. बंद करण्यापूर्वी पडद्यावरील संदेशाचे छायाचित्र काढून ठेवावे.

सेवादात्याकडे तक्रार करताना "नेट बंद आहे" असे लिहू नये. तंत्रज्ञ येतो, यूट्यूब लावून दाखवतो आणि तक्रार मिटते. संकेतस्थळाचे नाव, वेळ, पडद्यावरचा संदेश, आणि दुसऱ्या कंपनीच्या सिमवर तेच पान उघडते का, हे चार तपशील लिहावेत व तक्रार क्रमांक मागून घ्यावा. ग्राहक केंद्राकडून निवारण न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि तिथे हा क्रमांक द्यावा लागतो.