ट्रेलो आबेग्लेन: सीमा ओलांडणारा आणि सीमा अंगावर येणारे

फुटबॉलच्या इतिहासाची थोडी आवड असेल, तर 9 जून 1938 ची गोष्ट तुम्ही कुठेतरी वाचली असेलच. पॅरिसमधलं पार्क दे प्रँस मैदान, वर्ल्ड कपची पहिली फेरी. जर्मनी विरुद्ध स्वित्झर्लंड. पाच दिवसांपूर्वी जादा वेळ खेळूनही 1-1 अशी बरोबरी झाली होती, म्हणून सामना पुन्हा. बाविसाव्या मिनिटाला जर्मनी 2-0 पुढे. आणि शेवटी निकाल काय? स्वित्झर्लंड 4, जर्मनी 2. वालाशेक आणि बिकेल यांनी बरोबरी साधली आणि शेवटचे दोन गोल तीन मिनिटांच्या आत मारले आंद्रे आबेग्लेनने. लोक त्याला ‘ट्रेलो’ म्हणत.

ही गोष्ट नेहमी एकाच सुरात सांगितली जाते: चिमुकल्या देशाने हिटलरच्या जर्मनीला लोळवलं. ते खोटं नाही. पण माझं संशोधन फुटबॉलकडे ‘काम’ म्हणून बघतं, आणि तसं बघितलं की याच सामन्यात वेगळंच काहीतरी दिसायला लागतं.

आमच्याकडे खेळाडूचं करिअर वाचायची एक साधी पद्धत आहे. गोल मोजायच्या आधी तीन प्रश्न विचारायचे. याला पगार कोण देतं? हा राहतो कुठे? आणि हा कोणत्या देशाकडून खेळतो? तिन्हींची उत्तरं एकच देश असेल तर फारसं काही हाती लागत नाही. उत्तरं वेगवेगळी निघाली, की समजायचं इथे खणायला हवं.

ट्रेलोचा जन्म 1909 चा, जिनिव्हाचा. थोरला भाऊ माक्स हा 1924 च्या ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या स्विस संघातला. (माक्सचं टोपणनाव ‘क्साम’, म्हणजे नाव उलटं करून. नोशातेलच्या ‘क्सामाक्स’ क्लबचं नाव त्यावरूनच आलं.) ट्रेलो झुरिकच्या ग्रासहॉपर्समध्ये खेळला, 1934 च्या वर्ल्ड कपमध्ये नेदरलंड्सविरुद्ध गोल मारला, आणि त्याच वर्षी सीमा ओलांडून फ्रान्सच्या सोशो क्लबात गेला.

सोशो म्हणजे प्यूजो मोटारींच्या कारखान्याचं गाव. क्लबही प्यूजोंनीच 1928 मध्ये काढलेला. खेळाडूंना उघडपणे पगार द्या, हा आग्रह फ्रान्समध्ये धरणाऱ्यांत हा क्लब पुढे होता आणि 1932 मध्ये तिथे व्यावसायिक लीग सुरूही झाली. ट्रेलोने पहिल्याच मोसमात लीगमध्ये 30 गोल मारले, सर्वांत जास्त. सोशो 1935 मध्ये विजेता ठरला, 1938 मध्ये पुन्हा. म्हणजे पॅरिसमध्ये जर्मनीविरुद्ध उतरला तेव्हा ट्रेलो चार वर्षं फ्रेंच कारखान्याचा पगारी खेळाडू होता. पगार फ्रान्सचा, घर फ्रान्समध्ये, शर्ट स्वित्झर्लंडचा. आणि त्याचा राष्ट्रीय प्रशिक्षक कार्ल राप्पान? तो व्हिएन्नाचा! 1932 मध्ये जिनिव्हाच्या सर्व्हेत क्लबात कामासाठी आलेला.

आता समोरचा संघ बघा. मार्च 1938 मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला. ऑस्ट्रियाचा संघ वर्ल्ड कपसाठी पात्र ठरला होता, तो रद्द झाला. प्रशिक्षक हर्बर्गरला वरून सांगण्यात आलं की संघात दोन्हीकडचे खेळाडू जवळपास निम्मे-निम्मे हवेत. गोलकीपर राफ्टल, फॉरवर्ड हानेमान हे आधी ऑस्ट्रियाकडून खेळलेले. व्हिएन्नामध्ये 1924 पासून व्यावसायिक लीग होती, तीही नव्या राजवटीने मोडून टाकली.

तुम्ही म्हणाल, मग स्विस जिंकले ते पगारी होते म्हणून का? नाही, तसं म्हणता येत नाही. पगारी घडणीचे खेळाडू दोन्हीकडे होते. फरक आहे तो सीमेचा. ट्रेलो आणि राप्पान स्वतः सीमा ओलांडून गेले, कामासाठी, आणि तरी आपापली ओळख सांभाळून राहिले. राफ्टल आणि हानेमान कुठेच गेले नव्हते; सीमाच त्यांच्या अंगावरून सरकली. एका रात्रीत देश गेला, आणि पाठोपाठ पेशाही.

म्हणून ‘छोटा देश विरुद्ध मोठा देश’ ही मांडणी मला अपुरी वाटते. त्या मैदानावर स्थलांतराचे दोन प्रकार समोरासमोर उभे होते: एक निवडलेलं, एक लादलेलं. स्कोअरकार्डवर मात्र दोघांच्याही नावापुढे फक्त एका देशाचं नाव.

पुढे काय झालं? तीनच दिवसांनी लीलमध्ये हंगेरीने स्वित्झर्लंडला 2-0 हरवलं. जर्मनी वर्ल्ड कपच्या पहिल्याच टप्प्यात पुन्हा बाद झाला तो थेट 2018 मध्ये. ट्रेलो त्याच वर्षी स्वित्झर्लंडला परतला आणि 1944 मध्ये, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी वारला.

पुढच्या वेळी एखाद्या खेळाडूबद्दल ‘हा नक्की कुठला?’ असा वाद ऐकलात, तर तेच तीन प्रश्न विचारून बघा. आणि चौथाही जोडा: हा गेला, की याला नेलं?