चिखलदऱ्याची राहिलेली सहल

आपल्या सोसायटीच्या पहिल्याच सभेत चिखलदऱ्याची सहल ठरली होती. पंचवीस वर्षं झाली, सहल अजून निघायचीच आहे. कधी मुलांच्या परीक्षा, कधी वर्गणीचा घोळ. शेवटी अरुणावती धरणावर जेवून घरी परत! यंदा पुन्हा बेत आखतोय, म्हणून सांगतो, तिथे नुसती हवा खायला जायचं नाही.

किचकाला भीमाने मारलं ती कथा भीमकुंडावर कोणीही सांगेल. मला ओढ आहे शेजारच्या गाविलगडाची. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा गड घेतला. दक्षिणेकडून चढ फार उभा, म्हणून मुख्य हल्ला उत्तरेकडून झाला. कर्नल स्टीव्हन्सनच्या माणसांनी डोंगरातून वाट काढत तोफा अक्षरशः ओढून नेल्या. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. दोनच दिवसांनी नागपूरकर रघूजी भोसल्यांनी देवगावचा तह केला. गंमत बघा, गाविलगड आणि नरनाळा त्यांच्याकडेच राहिले, पण वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला. त्यात आपलं दिग्रसही आलं! पुढे १८५३ मध्ये निजामाच्या देण्यापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. शाळेत आपण पानिपत घोकलं. आपल्या गावाचा धनी ज्या लढाईने बदलला, तो गड मात्र आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलेला नाही.

पूर्वी दारव्ह्याहून शकुंतलेने मूर्तिजापूर, तिथे गाडी बदलून अचलपूर असं जाता यायचं. यवतमाळ लाईनवर १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं. आता बस करून कारंजा, अमरावती, परतवाडा. पुढे वळणांचा घाट आहे, तेव्हा परतवाड्याला पोटभर नाश्ता नको, बरं का. पावसाळ्यात वर धुकं असं की पुढचा माणूस दिसत नाही, मग गड काय दिसणार? म्हणून तारीख डिसेंबरातलीच धरली आहे. स्वेटर, कानटोपी विसरू नका. ठिकाण हजार मीटरच्या वर आहे.

पहिल्या सभेत हात वर करणाऱ्यांपैकी काहीजण आज आपल्यात नाहीत. काहींचे गुडघे गड चढू देणार नाहीत. त्यांनी शक्कर तलावाच्या काठी बसावं, वाटलं तर नावेतून फिरावं. बाकीचे गडावरून येईपर्यंत कोणीतरी त्यांच्यासोबत थांबेल. बसमधल्या पुढच्या आठ जागा त्यांच्यासाठी राखून ठेवल्या आहेत. नावं चौकीदाराकडच्या वहीत लिहायची आहेत.