चौपाटी : एका स्थलनामाची साक्ष

मुंबईतील गिरगाव चौपाटीचा इतिहास सांगताना सभा, मिरवणुका व गणेशविसर्जन यांचे वर्णन प्रामुख्याने येते. त्यापूर्वीचा इतिहास मात्र तिच्या नावात शोधावा लागतो.

मुंबई शहराच्या १९०९ च्या गॅझेटियरमध्ये या नावाचा अर्थ ‘चार प्रवाह’ असा दिला असून तुलनेसाठी आजच्या पालघर जिल्ह्यातील सातपाटी या गावाचे नाव घेतले आहे. ‘चौकट’, ‘चौरस’ यांतील ‘चौ’ संस्कृत ‘चतुर्’पासून आला आहे, आणि पाणी वाहून नेणारा ‘पाट’ कोकणातील बागाइतदारास अपरिचित नाही. एकट्या नावावर उभारलेली व्युत्पत्ती संशयास्पद ठरते. त्याच किनारपट्टीवर त्याच घडणीचे दुसरे नाव आढळले, म्हणजे तिला आधार मिळतो. समुद्र हटवून भूमी मिळवली गेली, प्रवाह बुजले. नाव तेवढे राहिले.

मूळ अर्थ विस्मृत झाल्यावर या शब्दात नवा अर्थ भरला, तो लोकांनी. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले. त्यांच्यावर अंत्यसंस्कार नेहमीच्या स्मशानात न होता याच वाळूवर झाले. १९३० च्या कायदेभंगाच्या चळवळीतही येथे प्रचंड सभा भरल्या. जेथे येण्यास कोणाची अनुज्ञा लागत नाही अशी ही भूमी, हा भाव नावाला चिकटला.

याचा परिणाम भाषेत स्पष्ट दिसतो. विशेषनामाचे सामान्यनाम झाले आणि दादर चौपाटी, जुहू चौपाटी असे प्रयोग रूढ झाले. सुरतेत तापीकाठचे सार्वजनिक उद्यानही ‘चोपाटी’ म्हणूनच ओळखले जाते. पुढे तर पाण्याचीही अट उरली नाही. पुण्यात, समुद्रापासून दूर, सारसबागेजवळच्या खाद्यपदार्थांच्या रांगेस लोक चौपाटी म्हणतात.

प्रवाह, वाळवंट, लोकस्थान, खाद्यपेठ असा हा अर्थाचा प्रवास आहे. त्यातील अखेरचा टप्पा केवळ अर्थसंकोच म्हणून नोंदवून भागणार नाही. जेथे काही विकत न घेताही बसता येते, ती खरी चौपाटी. तो हक्क लोपला, तर ज्याप्रमाणे चार पाट गेले आणि नाव उरले, त्याचप्रमाणे लोकस्थानही जाईल व नाव उरेल. स्थलनामांच्या अभ्यासकाने अशा वेळी केवळ व्युत्पत्ती सांगून थांबू नये. नावामागील वस्तू अद्याप शिल्लक आहे काय, हेही प्रत्यक्ष जाऊन पाहावे.