चंद्राचा सूर्य होईल का?

हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री शेतात जावे लागते, कारण थ्री फेजची लाइन रात्रीची. धाडच्या शिवारात हे कुणाला नवे नाही. हातात बॅटरी, आणि पायाखाली काय येईल याचा भरवसा नाही. दोन वर्षांपूर्वी पौषातल्या अशाच एका रात्री पुतण्याने विचारले, “काका, ह्या चंद्रालाच पेटवता आलं तर?” मी हसलो खरा, पण प्रश्न डोक्यातून जाईना.

हिशोब आधी उरकून टाकू. स्वतःच्या भाराने आतला हायड्रोजन पेटायचा तर सूर्याच्या सुमारे ८ टक्के वस्तुमान लागते. सूर्य म्हणजे सुमारे २.७ कोटी चंद्र. तेव्हा वीस-बावीस लाख चंद्र गोळा करावे लागतील, आणि तेही हायड्रोजनचे. आपला चंद्र दगडाचा. अपोलो यानांनी आणलेल्या दगडांत वजनाने चाळीस टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन, मग सिलिकॉन, लोखंड वगैरे. जुन्या ताऱ्यांच्या भट्टीतून निघालेली राखच म्हणा. गुरू वायूचा आहे, पण तोही जवळजवळ ऐंशी पटींनी कमी पडतो. मार्टिन फॉग या ब्रिटिश संशोधकाने १९८९ मध्ये गुरूच्या पोटात लहानसे कृष्णविवर सोडून त्याला तेजस्वी करण्याची कल्पना मांडली होती. ते कृष्णविवर आणायचे कुठून, हा भाग वेगळा!

मुळात सूर्यात काय जळते हे कळायलाच माणसाला फार वेळ लागला. या कथेत आपल्याकडे विजयदुर्गाचे नाव हटकून निघते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात नॉर्मन लॉकियरने याच किल्ल्यावरून हेलियम शोधला, असे सांगितले जाते. तिथले ‘साहेबाचे ओटे’ही दाखवतात. मीही बरीच वर्षे हेच सांगत होतो. कागद मात्र वेगळे बोलतात. त्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला होता. लॉकियर इंग्लंडमध्येच होता, आणि त्याने सूर्याच्या कडेची ती पिवळी रेषा २० ऑक्टोबरला, ग्रहणाविना, तिथूनच पाहिली. मग विजयदुर्ग कुठून आला? लॉकियर तिथे आला होता हे खरेच आहे, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर रॅम्झीने १८९५ मध्ये हेलियम पृथ्वीवरही शोधून काढला होता. दोन ग्रहणे लोकांच्या आठवणीत एक झाली असावीत, असे मला वाटते. याच १८९८ च्या ग्रहणात पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक नायगमवाला यांनी सोलापूरकडच्या जेऊरला तळ ठोकून वर्णपट टिपले. आपल्या माणसाचे हे काम मात्र कुणाला आठवत नाही, याचे वाईट वाटते.

हेलियम ही सूर्याची राख, हे एडिंग्टनने १९२० मध्ये ताडले आणि बेथेने १९३९ मध्ये गणिताने मांडले. पुढची उडी मुंबईच्या माणसाची. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाच्या अणुपरिषदेचे अध्यक्ष होमी भाभा यांनी भाकीत केले की, दोन दशकांत ही ऊर्जा काबूत आणण्याची रीत सापडेल. त्या वेळी मोठी राष्ट्रे हे प्रयोग गुप्तपणे करत होती. तीन वर्षांनी जिनिव्हाच्याच दुसऱ्या परिषदेत ते खुले झाले. भाकीत चुकले. १९७५ उजाडले तेव्हा भाभांना जाऊन नऊ वर्षे झाली होती आणि रीत सापडली नव्हती.

अडचण समजायला सोपी आहे. सूर्याच्या पोटात दीड कोटी अंश तापमान पुरते, कारण वरून प्रचंड दाब आहे. आपल्याकडे तो दाब नाही, म्हणून तापमान दहापट, पंधरा कोटी अंश लागते. एवढा तापलेला वायू कोणत्याही भांड्यात मावत नाही. त्याला चुंबकाच्या बळावर अधांतरी धरावे लागते. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतले ‘आदित्य’ यंत्र १९८९ पासून हेच धरून ठेवायला शिकते आहे. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या ‘इटर’चे सुमारे ३,८५० टनांचे बाहेरचे भांडे भारताने दिले. त्याचे भाग गुजरातेत हजीऱ्याला घडले. अमेरिकेत ५ डिसेंबर २०२२ रोजी लेसरच्या २.०५ मेगाज्यूल ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल निघाले. मात्र ते लेसर चालवायला तीनशेच्या आसपास मेगाज्यूल वीज लागली होती.

हे सगळे पुतण्याला सांगितले. तो म्हणाला, “म्हणजे आपला हरभरा काही वाट पाहणार नाही.” यंदा त्याने सौरपंपासाठी अर्ज भरला आहे. नंबर अजून लागलेला नाही.